तेरापासून वीसपर्यंत

सोमवारी सकाळी अकरा वाजायच्या आत मी फॉन्ट चार वेळा बदलला. पहिला फार बारीक होता. दुसऱ्यात 'भ' आणि 'म' लांबून सारखेच दिसत होते. तिसऱ्यात इंग्रजी सुरेख, पण मराठी तिच्या शेजारी उपाशी असल्यासारखी बारकी. चौथा जरा बरा वाटतोय तोवर पलीकडच्या टेबलावरून विकी ओरडला.

"ए फॉन्टवाली! आता काय केलंस? माझ्या स्क्रीनवर अकरा ओळी दिसतायत. टोटल अकरा!"

"साइज वीस केलाय. आणि जाडी थोडी वाढवली."

"हे एडिटर आहे की मिठाईच्या दुकानाची पाटी? मी आत्ता चहाला गेलेलो तेव्हा ठीक होतं सगळं."

"डोळ्यांना बरं असतं मोठं."

"कोणाच्या डोळ्यांना, बाई?"

ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं आणि पुन्हा कमी केलं.

आमचं ऑफिस घोडबंदर रोडवर, एका टॉवरच्या चौथ्या मजल्यावर आहे. आम्ही सहा जण. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, जो कोणी वाचत नाही, त्याचा मराठी मजकूर आम्ही तयार करतो. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. आकडे जुळतात की नाही ते बघायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. पण 'दिवसातून दोनदा' आणि 'दर दोन तासांनी' यांतला फरक प्रोग्रॅमला कळत नाही. तो माणसानेच वाचायचा आणि फाइलच्या शेवटी 'तपासले' लिहून आपलं नाव टाकायचं.

सुहासिनी मॅडम या ऑफिसच्या प्रमुख. त्यांचा एक नियम आहे: सहाही स्क्रीनवर ओळ एकाच ठिकाणी मोडली पाहिजे. म्हणजे "वरून सातवी ओळ बघ" म्हटलं की सगळ्यांना तीच ओळ दिसते. त्यामुळे फॉन्ट, साइज, जाडी, रंग, सगळं एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाइल सगळ्यांची एकच असते. एकाने बदललं की सगळ्यांचं बदलतं.

जूनच्या मध्यावर मी इथे लागले तेव्हा त्या फाइलला कोणी वाली नव्हता. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. मोजायची सवय. पहिल्याच आठवड्यात मी दाखवून दिलं की दोन फॉन्टना तेराच साइज दिला तरी 'क'ची उंची तीन पिक्सेलने वेगळी येते. मॅडम म्हणाल्या, "मग आजपासून हे खातं तुझं." तेव्हापासून मी फॉन्टवाली.

येत्या शुक्रवारी माझे सहा महिने भरत होते. त्या दिवशी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळणार, किंवा नाही. पप्पा डोंबिवलीत पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन आहेत; मार्चमध्ये निवृत्त होतील. माझ्या पत्राबद्दल ते रोज विचारत नसत. पण ते विचारत नाहीयेत हे रोज कळत असे.

मला मात्र त्या आठवड्यात एकच गोष्ट सुचत होती. शिरोरेघेखालची दुसरी रेघ.

ती कधीपासून होती, सांगता येत नव्हतं. प्रत्येक शब्दाच्या रेघेखाली आणखी एक फिकट, राखाडी रेघ. अक्षराखाली अक्षराची सावली. मला खात्री होती की हा एडिटरचा दोष आहे. अक्षराच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून कडेचे ठिपके अर्धवट रंगवतात. त्यात काहीतरी चुकतंय, देवनागरीची पर्वा कोणाला आहे. म्हणून मी एका वेळी एकच गोष्ट बदलत होते. कडा मऊ करणं बंद केलं. सावली तशीच. काळी थीम लावली तर ती जास्तच उठून दिसली. साइज वाढवला की काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मध्येमध्ये डोळे खाजायचे, मी चोळायचे, दोन मिनिटं सगळं स्वच्छ वाटायचं.

दुपारी मी स्क्रीनचं चित्र काढून विकीला पाठवलं. "रेघेखाली काय दिसतं बघ."

"काय बघू?"

"दुसरी रेघ."

"कुठली दुसरी? एकच आहे."

"नीट बघ ना."

तो उठून माझ्या मागे आला, स्क्रीनला नाक लावल्यासारखा वाकला. "दर्शना, कसम से, एकच रेघ आहे."

मला वाटलं, हा नेहमीसारखाच घाईत बघतोय.

मग मी ते चित्र मोठं केलं. दुप्पट. चौपट. आठपट. विचार साधा होता: सावली चित्रात असेल तर चित्राबरोबर तीही आठपट होईल, आणि मग विकीला बोटाने दाखवता येईल. 'क' हाताएवढा झाला. सावली आठपट झाली नाही. पहिल्यांदा होती तेवढ्याच अंतरावर, तशीच फिकट, रेघेच्या खाली बसून राहिली. मी त्या जागेच्या ठिपक्याचा रंग तपासला. कोरा पांढरा. तीन आकडे, तिन्ही दोनशे पंचावन्न.

मी मान उजवीकडे कलती केली. सावली माझ्या मानेबरोबर फिरली.

उजवा डोळा हाताने झाकला. गेली. डावा झाकला. 'क'च्या खाली एक 'क', त्याखाली आणखी एक अंधुक.

मी उठून पाण्याच्या मशीनपाशी गेले, ग्लास भरला, न पिता ओतून दिला आणि परत येऊन बसले. विकीने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. बग नाहीये."

मंगळवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. पप्पा कोपरच्या कामावरून थेट तिथे आले होते, कामाचेच कपडे, गुडघ्यावर ओला चिखल. डॉक्टर माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मशीनवर दोन्ही डोळ्यांचे नकाशे काढले. गोल, रंगीत. डावा बराचसा हिरवा-पिवळा. उजव्यात खालच्या बाजूला लाल डाग.

"बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा आहे ना, कॉर्निया, तो इथे पातळ होऊन टोक काढतोय," त्या म्हणाल्या. "केरॅटोकोनस म्हणतात. तुम्ही डोळे चोळता का?"

"चोळते? अहो, मळते," पप्पा म्हणाले. "लहानपणापासून सांगतोय."

"पप्पा."

"काय पप्पा? खरं तेच सांगितलं."

"चोळणं आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "आता मला सांगा, हे किती वेगाने वाढतंय? जुना नकाशा आहे का एखादा?"

नव्हता. चष्म्याचा नंबर मी वर्षात दोनदा दुकानातल्या मशीनवर बदलून घेतला होता आणि जुने कागद टाकून दिले होते.

"मग केव्हापासून वाढलं असं वाटतं? अंदाजे?"

अंदाजे हा शब्द मला आवडत नाही. मी फोनवर आमच्या सेटिंगच्या फाइलची नोंदवही उघडली. कोणी काय बदललं, कधी, किती वाजता, सगळं त्यात आपोआप राहतं. मी वाचून दाखवलं. जून, तेरा. ऑगस्टच्या अखेरीस चौदा. सप्टेंबर पंधरा. ऑक्टोबर सोळा, शिवाय जाडी एक पायरी वर. नोव्हेंबर अठरा. काल वीस.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला आणि एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे मला केसपेपरला लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे बघितल्यावर सहा महिने थांबून दुसरा नकाशा काढू, असंही मला म्हणवत नाही. पुढच्या आठवड्यात उजवा डोळा करून घेऊ. औषध घालून वर विशिष्ट प्रकाश सोडतात. आहे तिथे थांबावं एवढ्यासाठी. गेलेलं परत येत नाही. नंतर वेगळी लेन्स लागेल."

"मी वाचायचं काम करते," मी म्हटलं. "सप्टेंबरपासून मी जे वाचलं त्यात चुका झाल्या असतील का?"

"ते मी कसं सांगणार? डावा तुम्हाला सांभाळून घेत होता. पण तोही दमत असेल."

रिक्षाच्या रांगेत पप्पा म्हणाले, "ऑफिसात सांगायचंच. नाही म्हणत नाही मी. पण शुक्रवारनंतर सांग. लेटर हातात येऊ दे."

"गुरुवारी चाळीस फाइली छापायला जातायत, पप्पा. सगळ्या मी तपासलेल्या."

"चूक असेलच असं आहे का?"

"नसेलच असं तरी कुठे आहे?"

"तीच तर गोष्ट आहे," ते म्हणाले. "माहीत नाही त्या गोष्टीसाठी माहीत असलेली नोकरी घालवू नकोस."

रिक्षा आली. आम्ही बसलो. मी हात मांडीखाली घालून बसले, कारण डोळे खाजत होते.

बुधवारी मी साडेनऊलाच ऑफिसात पोचले. दहाला सुहासिनी मॅडम आल्या. त्यांनी पर्स ठेवायच्या आत मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि सगळं एका दमात सांगितलं: डोळा, नकाशा, पुढचा आठवडा, चाळीस फाइली.

मॅडम एक्कावन्न वर्षांच्या, पुण्याच्या. गडबडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या गडबडल्या नाहीत. "सप्टेंबरपासून तू एकूण किती फाइली तपासल्यास?"

"एकशे अठरा. त्यातल्या अठ्ठ्याहत्तर छापून गेल्यात."

"आणि हे तू मला आज सांगते आहेस. परवा शुक्रवार आहे, हे ठाऊक असताना."

"हो."

त्यांनी छापखान्याला फोन करून गुरुवारचं काम पुढे ढकललं. मग म्हणाल्या, "तुझ्या फाइली विकी पुन्हा वाचेल."

"नुसत्या माझ्या नको, मॅडम."

"म्हणजे?"

"माझ्या तीस घेऊ, सप्टेंबरनंतरच्या. पंधरा माझ्याच, त्याआधीच्या. आणि पंधरा विकीच्या. सगळ्या एकत्र मिसळून, नावं झाकून. नाहीतर चूक सापडली तर ती डोळ्यामुळे की एरवीही होतेच, ते कसं कळणार?"

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुझी नोकरी टांगणीला आहे आणि तू प्रयोग मांडते आहेस."

विकीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या डोळ्याचं ऐकून खरंच वाईट वाटलं यार. पण माझ्या फाइली मध्ये का घातल्यास?"

"तुलना करायला."

"वा! म्हणजे मी प्रयोगाचा उंदीर."

आम्ही दोघं मीटिंगच्या खोलीत बसलो. तो इंग्रजी मोठ्याने वाचायचा, मी मराठी. एक वाक्य त्याचं, एक माझं. साठ फाइली, बुधवार आणि गुरुवार. पहिल्या चौदांमध्ये काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. चौदात शून्य याचा अर्थ फारसा काही नसतो. विकी मध्येच औषधांची नावं क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी वाचायचा. मी हसायचे आणि माझी ओळ सुटायची, मग तो म्हणायचा, "मॅडम, ही चीटिंग करते."

गुरुवारी चारपर्यंत तीन चुका सापडल्या. एकीत 'आठवडा' हवा तिथे 'महिना'. एकीत यकृताच्या रुग्णांबद्दलचं अख्खं वाक्य गाळलेलं. आणि एकीत इंग्रजीत गोळी जेवणाआधी होती, मराठीत जेवणानंतर. तिन्ही त्या चाळीसांमधल्या किंवा अजून न गेलेल्या कामातल्या, एवढं नशीब. मग मी झाकलेली नावं उघडली. 'आठवडा' विकीचा. दुसऱ्या दोन माझ्या, दोन्ही सप्टेंबरनंतरच्या.

"म्हणजे डोळाच," विकी हळू म्हणाला. त्याला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आम्ही मॅडमकडे गेलो. मी म्हटलं, "तिसात दोन, पंधरात शून्य, पंधरात एक. यावरून काहीच म्हणता येत नाही. आकडे फार लहान आहेत."

"औषधाच्या कंपनीला मी 'आकडे लहान आहेत' असं कळवू?"

"नाही."

"मग सगळ्यांच्याच फाइली पुन्हा वाचायच्या, छापून गेलेल्यासुद्धा. यापुढे दोघांनी मोठ्याने." मग मला म्हणाल्या, "आजारपण हा काही गुन्हा नाही, दर्शना. तू वेळेवर सांगितलंस. उद्या पत्र घेऊन जा."

घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी नुसती मान हलवली आणि खाली जाऊन जिलबी आणली. मी खाल्ली. पण माझं मन त्या जेवणाआधी-जेवणानंतरमध्ये अडकलं होतं. ते वाक्य फाइलच्या ऐन मध्यावर होतं, ठळक, कोणाच्याही नजरेला पडेल असं. सावलीमुळे 'आधी'चं 'नंतर' दिसत नाही. मी ते चुकीचं वाचलं नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं.

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि ती फाइल उघडली. नऊ डिसेंबरची. 'तपासले' ही नोंद अकरा सत्तेचाळीसची. दुसऱ्या खिडकीत सेटिंगची नोंदवही उघडली. नऊ डिसेंबर, अकरा चाळीस: साइज अठरावरून वीस. अकरा त्रेचाळीस: वीसवरून पुन्हा अठरा. म्हणजे मी ती फाइल वाचत असताना.

मग मी तसं करून बघितलं. साइज अठरा ठेवला, ते वाक्य खिडकीच्या वरच्या भागात आणलं, त्याच्या आदल्या ओळीवर नजर ठेवली. वीस केला. सगळा मजकूर फुगला, ओळी वेगळ्या ठिकाणी मोडल्या, एडिटरने तळाशी असलेली कर्सरची ओळ धरून ठेवली आणि ते वाक्य खिडकीच्या वर निघून गेलं. नजर होती तिथेच राहिली, तिच्यासमोर पुढचा परिच्छेद आला. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

डोळ्याचा दोष नव्हता. मी वाचता वाचता फॉन्ट बदलत बसले होते.

आजारामुळे झालं असतं तर ते माझं म्हणता आलं नसतं. हे माझं होतं. आणि हे कोणालाच कळणार नव्हतं. नोंदवहीतली वेळ आणि फाइलमधली वेळ शेजारी ठेवून बघणारी ऑफिसात मी एकटीच होते. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. खाली घोडबंदरचे हॉर्न वाजत होते. पुन्हा बसले. पुन्हा उठले.

दहाला मॅडम आल्या. पाकीट त्यांच्या हातातच होतं. "हे घे," त्या म्हणाल्या.

"आधी एक दाखवायचंय."

त्यांना माझ्या स्क्रीनपाशी आणलं. दोन्ही वेळा दाखवल्या. मग अठराचे वीस करून दाखवले. वाक्य वर निघून गेलं. त्यांनी स्वतः माउस हातात घेऊन पुन्हा करून बघितलं.

"म्हणजे डोळा नव्हे."

"या चुकीला तरी नाही. मी काम सोडून हे करत होते. दिवसातून सात-सात, आठ-आठ वेळा. डोळ्यामुळे करत होते, पण करायला नको होतं. निदान फाइल पुरी करून मग."

विकी तेवढ्यात आला होता आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला होता.

"हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुम्ही सगळ्यांना दोघादोघांनी वाचायला लावताय, मॅडम. तरी कोणीतरी मध्येच साइज बदलला तर हेच होईल. कारण चुकीचं धरलं तर उपायही चुकीचा होतो."

मॅडम पाकीट बोटांत फिरवत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते मधोमध दुमडून पर्समध्ये टाकलं.

"तीन महिने आणखी," त्या म्हणाल्या. "मार्चच्या मध्याला पुन्हा बघू. डोळ्याची सुट्टी पगारी मिळेल, ती यात धरणार नाही. आणि फाइल उघडी असताना सेटिंगला हात लावायचा नाही, तू नाही, मी नाही, कोणीच नाही. विकी, हे एडिटरमध्ये बंद करून टाकता येतं का?"

"येतं ना. हिच्याकडूनच शिकतो."

मार्च. पप्पांचा शेवटचा महिना. आज घरी जाऊन काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, याचा विचार सुरू झाला आणि त्याच वेळी मनात दुसरंही काहीतरी हलत होतं, यकृताच्या वाक्याचं. ते कोणी गाळलं? मराठी करणाऱ्याने गाळलं आणि मला दिसलं नाही, की मीच दुरुस्ती करताना उडवलं? त्या फाइलची तारीख बावीस नोव्हेंबर. बावीसला मी सेटिंगला हात लावला नव्हता, ते मी सकाळीच पाहिलं होतं.

"दुसऱ्या चुकीचं कारण अजून सापडलेलं नाही," मी म्हटलं.

मॅडमनी विकीची खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. चष्मा नाकावर चढवला.

"काढ ती फाइल," त्या म्हणाल्या. "मी इंग्रजी वाचते."